कांगारू, भाले आणि मोजूनमापून लावलेली आग

रानाला आग लागली की जनावरं पळतात आणि त्यांच्यामागे माणसंही पळतात. कॅनबेराच्या राष्ट्रीय ग्रंथालयात एक जुनं जलरंगातलं चित्र आहे. त्यात मात्र फक्त जनावरं पळताहेत. झाडांमागे धुराचे लोट उठले आहेत, गवतातून ज्वाळा पुढे सरकताहेत, त्यांच्यापुढे कांगारू लांब उड्या टाकत सुटले आहेत, आणि माणसं भाले सरसावून आपापल्या जागी उभी आहेत. कुणी आग विझवायला धावत नाही, कुणाच्या चेहऱ्यावर घबराट नाही. ही आग लागलेली नाही, या माणसांनी लावलेली आहे.

चित्र जेमतेम २८ सेंटिमीटर रुंद. काळ साधारण १८१७. जागा ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावरचा न्यूकॅसल या वसाहतीचा परिसर, म्हणजे अवाबाकल आणि त्यांच्या शेजारच्या आदिवासींचा मुलूख. चित्रकाराचं नाव जोसेफ लायसेट.

चित्र पाहणाऱ्याला एक साधा प्रश्न पडतो. ज्या रानावर पोट आहे तेच रान जाळलं, तर आज चार कांगारू मिळतील, पण उद्या काय खायचं? बी-बियाणं भाजून खाणाऱ्या शेतकऱ्याला आपण शहाणा म्हणत नाही. मग ही माणसं हजारो वर्षं टिकली कशी?

उत्तर असं की, चित्रात दिसते ती शिकार हा त्या आगीचा एक फायदा होता. त्याच आगीतून पुढच्या हंगामातले कांगारूही तयार होत होते. ते कसं, हे पायरीपायरीनं पाहू.

नकली नोटांपासून रानातल्या चित्रांपर्यंत

लायसेट इंग्लंडच्या स्टॅफर्डशायर परगण्यातला. छोटी व्यक्तिचित्रं काढणारा कारागीर. हात इतका सफाईदार की त्यानं तो नकली नोटांवर चालवला आणि पकडला गेला. १८११ मध्ये त्याला चौदा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा झाली. इंग्लंडचं काळं पाणी त्या काळी ऑस्ट्रेलियात होतं. १८१४ मध्ये ‘जनरल हेविट’ या जहाजातून तो सिडनीला उतरला. पुढच्याच वर्षी सिडनीच्या बाजारात पाच शिलिंगांच्या नकली हुंड्यांचा सुळसुळाट झाला. माग काढल्यावर लायसेटच्या घरी छोटं छपाईयंत्र सापडलं.

पुन्हा गुन्हा करणाऱ्यांना न्यूकॅसलला धाडत. १८०४ पासून तिथे कैद्यांकडून कोळसा खणून घेत, ‘रेड सीडर’ची झाडं तोडून घेत, शिंपल्यांचा चुना भाजून घेत. लायसेटचं नशीब असं की, १८१६ मध्ये तिथे कॅप्टन जेम्स वॉलिस हा अधिकारी प्रमुख म्हणून आला. तो लायसेटच्याच जहाजातून आलेला आणि चित्रांचा शौकीन. त्यानं या कैद्याच्या हातात पुन्हा कुंचला दिला. लायसेटनं तिथल्या चर्चसाठी वेदीचं चित्र रंगवलं. भोवतालच्या आदिवासींच्या रोजच्या जगण्याचीही चित्रं काढली.

राष्ट्रीय ग्रंथालयातल्या संग्रहात त्याचे असे वीस जलरंग आहेत. एका चित्रात माणसं भाल्यानं मासे मारताहेत, काही जण शेवंडांसाठी पाण्यात सूर मारताहेत आणि काठावर विस्तवाभोवती बसलेली मंडळी मासे भाजताहेत. एकात रात्री पलित्यांच्या उजेडात मासेमारी चालली आहे. कुठे पाणपक्ष्यांची शिकार, कुठे किनाऱ्याला लागलेल्या देवमाशाची मेजवानी. या चित्रांमध्ये विस्तव पुन्हा पुन्हा येतो. तो स्वयंपाकाला, उजेडाला, उबेला वापरलेला दिसतो. कांगारूंच्या चित्रात तो औत-नांगरासारखा एक अवजार बनतो.

धुराचा हाका

आपल्याकडे जुन्या शिकारकथांत ‘हाका’ येतो. हाकारे एका बाजूनं डबे वाजवत, आरडाओरडा करत पुढे सरकतात आणि जनावर दुसऱ्या बाजूला दबा धरून बसलेल्या शिकाऱ्याकडे जातं. लायसेटच्या चित्रात हाकाऱ्यांचं काम आग करते. पण आग माणसाच्या हुकमात नसते. तिला हुकमात आणायचं तर चार गोष्टी आधीच जुळवाव्या लागतात.

पहिली गोष्ट वारा. आग वाऱ्याच्या वरच्या अंगाला लावायची, म्हणजे ती शिकाऱ्यांच्या दिशेनं जनावरं रेटत येते. शिकारी वाऱ्याच्या खालच्या अंगाला, पण ज्वाळांच्या थेट वाटेपासून जरा बाजूला उभे राहतात. यात आणखी एक हिशेब आहे. वारा कांगारूकडून माणसाकडे वाहतो. त्यामुळे कांगारूला मागून धुराचा वास येतो, पण पुढे उभ्या असलेल्या माणसांचा वास येत नाही.

दुसरी गोष्ट जमिनीचा चढउतार. ज्वाळा वर झुकतात आणि चढावरच्या गवताला पेटण्याआधीच तापवून वाळवतात. म्हणून आग चढावर वेगानं धावते. चढाचा कोन दर दहा अंशांनी वाढला की वेग साधारण दुप्पट होतो, असा आज अग्निशमन दलांचा ठोकताळा आहे. चढ कुठे आणि सपाटी कुठे, हे पाहिल्याशिवाय काडी लावता येत नाही.

तिसरी गोष्ट आगीची हद्द. ओढा, ओलसर घळ, उघडा खडक, आणि सगळ्यात भरवशाची हद्द म्हणजे काही महिन्यांपूर्वी जाळलेला तुकडा. तिथे जळायला काही उरलेलंच नसतं. शिकाऱ्यांनाही पाठीशी असा तुकडा असला की जिवाला धोका राहत नाही.

चौथी गोष्ट वेळ. सकाळी गवतावर दव असतं, दुपारी ते कडक वाळतं, संध्याकाळी हवा पुन्हा दमट होते. दुपार उलटल्यावर लावलेली आग अंधार पडता पडता आपसूक मंदावते.

एवढं जुळल्यावर भाल्याची पाळी. कांगारू निवांत असतानाही ताशी वीसेक किलोमीटरनं जातो, आणि जिवावर बेतलं की साठच्या आसपास पोचतो. नुसत्या हातानं फेकलेला भाला त्याला गाठेलच असं नाही. म्हणून शिकारी ‘वूमेरा’ वापरत. ही हातभर लांबीची लाकडी फेकणी. तिच्या टोकाचा आकडा भाल्याच्या बुडात अडकतो. फेकताना मनगटापुढे जणू आणखी एक सांधा जोडला जातो. हात फिरतो तेवढ्याच वेळात फेकणीचं टोक जास्त मोठं वर्तुळ कापतं, म्हणजेच जास्त वेगानं जातं, आणि तो वेग भाल्याला मिळतो.

या भाल्याचा आगीशी दुसराही संबंध आहे. किनाऱ्यालगत भाल्याचा दांडा बहुधा ‘ग्रास ट्री’ नावाच्या झाडाच्या फुलोऱ्याच्या सरळ, हलक्या काठीपासून होई. त्याच झाडाचा डिंक विस्तवावर मऊ करून पातं चिकटवत. थंड झाला की तो दगडासारखा घट्ट होतो. हे झाड आग लागून गेल्यावर भरभरून फुलतं. आजच्या आगीत उद्याच्या भाल्यांच्या काठ्याही येतात.

‘थंड’ आग म्हणजे काय?

ऑस्ट्रेलियात आजही जाणकार आदिवासी ‘थंड आग’ आणि ‘गरम आग’ असा फरक करतात. आग थंड कशी असेल? चूल पेटवणाऱ्या कुणालाही हे कळेल. चुलीत पाचट घातलं की एकदम भडका उडतो, पण भाकरी टाकेपर्यंत सगळं विझलेलं असतं. बाभळीचा ओंडका मात्र फारशी ज्वाळा न दाखवता तासभर धग देतो. ज्वाळेची उंची ही दिसायची गोष्ट. भाजलं किती जाणार, हे धग एका जागी किती वेळ टिकते यावर ठरतं.

रानातही हेच होतं. एका हंगामाचं वाळलेलं गवत पाचटासारखं जळतं. ज्वाळांची रांग एका जागेवरून काही सेकंदांत पुढे सरकते. माती उष्णता सहजी खाली जाऊ देत नाही, त्यामुळे दोन-तीन बोटं खाली मुळांना आणि बियांना फारशी झळ लागत नाही. मुंग्या, सरडे, किडे बिळात किंवा खोडावर चढून तगून जातात. झाडांचे शेंडे हिरवेच राहतात.

पण हेच रान दहा-वीस वर्षं जाळलंच नाही, तर खाली पाला, साली, मोडक्या फांद्या, पडलेली खोडं साचत जातात. मधल्या उंचीवर झुडपं माजतात. अशा रानात ठिणगी पडली की ओंडक्यांची धग तासन्‌तास राहते. ज्वाळा झुडपांच्या पायऱ्या करून झाडांच्या शेंड्यांना भिडतात. निलगिरीच्या पानांत तेल असतं, ती पेटली की आगीला आवरणं अशक्य होतं. ही गरम आग. तिच्यापुढे कुणी भाला घेऊन उभं राहणार नाही.

म्हणजे चित्रातल्या माणसांच्या शांतपणाचा निम्मा उलगडा इथे होतो. त्यांच्या पायाखालच्या रानात जळण साचूच दिलेलं नव्हतं. शिकारीसाठी हाका घालणारी आग रान राखायच्या आगीपेक्षा थोडी चपळ असावी लागते. पण ती चपळ ठेवूनही हाताबाहेर जाऊ न देणं शक्य होतं, ते आधीच्या कित्येक वर्षांच्या थंड आगींमुळेच.

जळल्यावर गवत का फुटतं?

आता मूळ कोड्याकडे. जाळलेल्या रानात पुढच्या वेळी कांगारू कुठून येणार?

बहुतेक झाडं शेंड्याकडून वाढतात. शेंडा खुडला की त्या फांदीची वाढ खुंटते. गवताचं तसं नाही. त्याचा वाढीचा भाग बुडाशी, मातीला लागून किंवा मातीच्या किंचित खाली असतो. म्हणूनच गाईनं चरलेलं किंवा विळ्यानं कापलेलं गवत पुन्हा येतं. थंड आगीत वरची वाळलेली पाती जातात, बुडखा जिवंत राहतो. वरचं आच्छादन गेल्यानं ऊन थेट बुडख्यावर पडतं, राखेतून पोटॅशियम, कॅल्शियम, स्फुरद अशी खनिजं मिळतात. मग एखादा पाऊस किंवा जमिनीतली ओल पुरते आणि कोवळे कोंब वर येतात.

कोंबात आणि जुन्या पात्यात खाणाऱ्याच्या दृष्टीनं फार फरक असतो. जुनं पातं म्हणजे बराचसा चोथा. कोंबात नत्र, म्हणजे प्रथिनं जास्त आणि चोथा कमी. कांगारूला हे बरोबर कळतं. जळून हिरव्या झालेल्या तुकड्यावर ते पहाटे आणि संध्याकाळी लांबून चरायला येतात.

इथल्या मुख्य गवताचं नाव ‘कांगारू ग्रास’, शास्त्रीय नाव थेमेडा ट्रायांड्रा. हे गवत ऑस्ट्रेलियापुरतं नाही. आफ्रिकेत आणि भारतातही ते आहे. त्याची एक खोड अशी की, ते चरलं गेलं नाही किंवा जळलं नाही तर स्वतःच्याच वाळलेल्या पात्यांखाली गुदमरतं. ऑस्ट्रेलियातल्या गवताळ माळांवर दहा-बारा वर्षं आग न लागलेली त्याची ठोंबं मरू लागल्याचं अभ्यासकांनी नोंदवलं आहे.

झाडांनीही आगीची तयारी ठेवलेली असते. निलगिरीच्या अनेक जातींत जाड सालीच्या आत झोपलेले डोळे असतात. पानं करपली की ते जागे होतात आणि काळ्या खोडावर पालवीची झालर फुटते. काहींच्या बुंध्याशी मातीत एक लाकडी गाठ असते, वरचं सगळं गेलं तरी तिच्यातून नवे कोंब येतात. बँक्सियाच्या कित्येक जातींची कडक बोंडं आगीच्या आचेनं उघडतात आणि बी राखेत पडतं.

एकाच वेळी सगळं नाही

मात्र हे सगळं साधतं ते रान तुकड्या-तुकड्यांनी जाळलं तरच. एक तुकडा नुकताच जळलेला, शेजारचा हिरव्या कोंबांचा, त्यापलीकडचा दोन-तीन वर्षांच्या दाट गवताचा, आणि मधेमधे कधीच न जाळलेली ओलसर घळ. कांगारूला चरायला मोकळं गवत लागतं, पण दिवसा सावलीला आणि लपायला झाडीही लागते. दोन्ही जवळजवळ असतील तिथेच तो राहतो. असे शेजार तयार केले की कांगारू कधी कुठे असणार, हे शिकाऱ्याला आधीच ठाऊक असतं. जनावराच्या मागे रानभर भटकावं लागत नाही, जनावरच ठरल्या जागी येतं.

पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या मार्टू आदिवासींबरोबर राहून रिबेका ब्लीज बर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा आगींचा अभ्यास केला. तिथे हिवाळ्यात बायका घोरपडींसाठी गवत जाळतात. गवत गेलं की बिळांची ताजी तोंडं दिसतात, मग खोदकाठीनं घोरपड उकरून काढता येते. या बायका जिथे नियमित जाळतात तिथे जळालेल्या तुकड्यांचे आकार लहान राहतात आणि वेगवेगळ्या वयाची झुडपं आणि गवतं शेजारीशेजारी सापडतात. जिथे कुणी राहत नाही, तिथे वीज पडून लागलेल्या आगी अफाट पसरतात. हा मुलूख न्यूकॅसलपासून हजारो किलोमीटर दूर, हवामान वेगळं, शिकार वेगळी. तरी तुकड्यांचं तत्त्व तेच दिसतं. आणि आगीचं ज्ञान भालाधारी पुरुषांपुरतं नव्हतं, हेही त्यातून समजतं. लायसेटच्या शिकारीच्या चित्रात ही बाजू दिसत नाही.

कोण कुठे आग लावू शकतो याचेही नियम होते आणि आहेत. प्रत्येक मुलखाची जबाबदारी ठरावीक कुळांकडे असते. दुसऱ्याच्या मुलखात विनापरवाना काडी लावणं हा गुन्हा.

चौकट : एका आगीचे हिशेब

• आज : धूर आणि ज्वाळा कांगारूंना शिकाऱ्यांच्या दिशेनं रेटतात.
• दुसऱ्या दिवशी : उघड्या जमिनीवर बिळं आणि माग स्पष्ट दिसतात.
• काही आठवड्यांनी : ओल मिळताच कोवळं गवत फुटतं आणि कांगारू चरायला येतात.
• पुढच्या हंगामात : ग्रास ट्री फुलतो, भाल्यांना काठ्या मिळतात.
• पुढची काही वर्षं : जळालेला तुकडा मोठ्या वणव्याला आडवा येतो.

चित्रावर किती विश्वास ठेवायचा?

एका नकली नोटा छापणाऱ्या माणसाच्या चित्रावरून एवढं सगळं सांगायचं का? शंका रास्त आहे. लायसेटनं सोडवायला सोपा पुरावा मागे ठेवलेला नाही. चित्राच्या कडांना गडद झाडं, मध्ये उजेड, दूर निळसर टेकड्या, ही त्या काळच्या इंग्रजी निसर्गचित्रांची ठरलेली मांडणी आहे. इंग्लंडला परतल्यावर १८२४-२५ मध्ये त्यानं ऑस्ट्रेलियाच्या देखाव्यांचं पुस्तक काढलं. त्यातल्या टास्मानियाच्या काही जागा त्यानं प्रत्यक्ष पाहिल्या होत्या का, याबद्दल अभ्यासकांना दाट शंका आहे.

चित्रातून काय गाळलं आहे, तेही पाहावं लागतं. शिकारीच्या या देखाव्यात कैदी नाहीत, शिपाई नाहीत, कोळशाची खाण नाही. जणू गोरा माणूस अजून आलेलाच नाही. प्रत्यक्षात वसाहत होऊन डझनभर वर्षं लोटली होती. लायसेटला आश्रय देणाऱ्या वॉलिसनंच एप्रिल १८१६ मध्ये, न्यूकॅसलला येण्याच्या थोडं आधी, गव्हर्नर मॅक्वारीच्या हुकमावरून सिडनीच्या नैऋत्येला ॲपिन इथे आदिवासींच्या तळावर सैन्य नेलं होतं. त्यात किमान चौदा जणांना जीव गमवावा लागला. तोच वॉलिस न्यूकॅसलमध्ये बुरिगॉन या आदिवासी प्रमुखाशी स्नेहानं वागत होता आणि त्याच्या लोकांची चित्रं काढवून घेत होता. १८२० मध्ये बुरिगॉनचा एका पळालेल्या कैद्यानं भोसकून खून केला.

म्हणून चित्र एकट्यानं साक्षीला उभं करायचं नाही. त्याच्या जोडीला बाकीचे साक्षीदार हवेत, आणि ते आहेत. १७७० मध्ये याच किनाऱ्यानं जाताना जेम्स कुकच्या जहाजावरून दिवसा धूर आणि रात्री विस्तव दिसल्याच्या नोंदी आहेत. न्यू साउथ वेल्सचा मुख्य भूमापक टॉमस मिचेल यानं १८४८ मध्ये लिहिलं, त्याचा आशय असा की, आग, गवत, कांगारू आणि माणूस ही ऑस्ट्रेलियात एकमेकांवर अवलंबून आहेत. १९६९ मध्ये पुरातत्त्वज्ञ रीस जोन्स यांनी या साऱ्या व्यवहाराला ‘पलित्याची शेती’ अशा अर्थाचं नाव दिलं. २०११ मध्ये इतिहासकार बिल गॅमेज यांनी लायसेटसारख्यांची जुनी चित्रं आणि प्रवाशांची वर्णनं शेकड्यांनी एकत्र मांडून, अख्खा खंड आगीच्या साहाय्यानं राखलेला होता असा दावा केला.

त्यावर वाद आहे. तळ्यांच्या गाळात थराथरानं साचलेला कोळसा मोजणारे काही शास्त्रज्ञ म्हणतात की, आगींचं प्रमाण माणसापेक्षा हवामानाबरोबर जास्त बदललेलं दिसतं. सगळ्या खंडात एकसारखी पद्धत होती असंही नाही. पण वस्ती दाट होती अशा किनारी आणि नदीकाठच्या गवताळ रानात माणसं नियमित, विचारपूर्वक आग लावत, याबद्दल साक्षी पुरेशा आहेत.

आग थांबल्यावर काय झालं?

सगळ्यात ठोस साक्ष आग थांबल्यानंतरची आहे. १७८९ च्या देवीच्या साथीनं सिडनीभोवतालचे आदिवासी मोठ्या संख्येनं दगावले. उरलेल्यांना जमिनीवरून हुसकावलं गेलं. मेंढपाळांना कुंपणं आणि गवताच्या गंजी प्यारी, त्यांना कुणी आग लावलेली चालेना. मिचेलनं त्याच १८४८ च्या पुस्तकात नोंदवलं की, सिडनीजवळच्या ज्या मोकळ्या रानातून पूर्वी घोडा दौडवता येई तिथे आता रोपट्यांची दाटी झाली आहे आणि कांगारू दिसेनासे झाले आहेत.

६ फेब्रुवारी १८५१ रोजी, पुढे ‘काळा गुरुवार’ म्हणून ओळखल्या गेलेल्या दिवशी, व्हिक्टोरिया प्रांताचा साधारण पाव भाग होरपळला. अलीकडच्या २०१९-२० च्या उन्हाळ्यात ऑस्ट्रेलियात वणव्यांनी ३३ माणसांचा बळी घेतला आणि तीन हजारांहून अधिक घरं जळाली. याचं खापर फक्त थांबलेल्या आगींवर फोडता येणार नाही. तापलेली हवा आणि लांबलेला दुष्काळ ही फार मोठी कारणं आहेत. पण साचलेलं जळण हा त्या हिशेबातला असा भाग आहे, ज्यावर माणसाला काही करता येतं.

उत्तरेकडे ते केलंही जात आहे. तिथे पावसाळा संपल्यावर लगेच, म्हणजे मे ते जुलैमध्ये गवत अर्धवट ओलं असताना आग लावली तर ती छोटी राहते. ऑगस्टनंतर लागलेली आग आठवडेच्या आठवडे चालते. पश्चिम आर्नहेम लँडमध्ये सुमारे २८,००० चौरस किलोमीटर मुलखात आदिवासी वनरक्षक लवकरच्या हंगामात तुकड्यांनी आग लावतात. कधी पायी, कधी हेलिकॉप्टरमधून, हाताशी उपग्रहाचे नकाशे घेऊन. उशिराचे मोठे वणवे टळले की धुरातून जाणारे मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड हे वायू कमी होतात. २००६ मध्ये डार्विनच्या एका नैसर्गिक वायू प्रकल्पाशी करार झाला आणि या टळलेल्या प्रदूषणाचे पैसे आदिवासींना मिळू लागले. केप यॉर्क भागात व्हिक्टर स्टेफेन्सन यांनी टॉमी जॉर्ज आणि जॉर्ज मस्ग्रेव्ह या दोन वृद्ध भावांकडून हे ज्ञान घेतलं आणि २०२० मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. आगीत पांढरा धूर दिसला तर ती हळुवार चालली आहे, जनावरांना निसटायला वेळ आहे, अशा खुणांनी ते आग वाचायला शिकवतात.

मग आपले डोंगर जाळायचे का?

मराठी वाचकाच्या मनात हा प्रश्न येणारच. सह्याद्रीतही ‘जाळल्यावर गवत चांगलं येतं’ असं ऐकू येतं आणि दरवर्षी डोंगर काळे होतात. गवताच्या बुडख्याचं शास्त्र दोन्हीकडे सारखंच. पण बाकीचा हिशेब जुळत नाही.

आपल्याकडचे बहुतेक वणवे फेब्रुवारी ते मे या काळात लागतात. तेव्हा गवताबरोबर पाचोळा आणि फांद्याही कडक वाळलेल्या असतात. उतार तीव्र, त्यामुळे आग वर धावते. घाटमाथ्याच्या सदाहरित आणि निमसदाहरित जंगलातल्या पातळ सालीच्या झाडांना निलगिरीसारखे राखीव डोळे नाहीत, त्यांची रोपं कायमची जातात. राख आणि उघडी पडलेली माती जूनच्या पहिल्या मुसळधार पावसात ओढ्यात वाहून जाते. आणि मुख्य म्हणजे काडी टाकणारा बहुधा तिथे थांबत नाही. राखीव वनात आग लावणं हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाखाली गुन्हा आहे.

आग हिशेबानं वापरायची रीत आपल्याकडे नव्हती असं मात्र नाही. कोकणात भाताच्या रोपांसाठी राब भाजतात. वाफ्यावर शेण, फांद्या, पाला, गवत आणि वर माती असे थर देऊन ते सावकाश जाळायचे. तणाचं बी मरतं, माती भुसभुशीत होते, राखेचं खत मिळतं. इंग्रज वनखात्याला राबासाठीची फांदीतोड म्हणजे नासाडी वाटत होती, ठाणे-कुलाब्याच्या शेतकऱ्यांना ती जगण्याची गरज. तो तंटा इतका वाढला की १८८५ ते ८७ या काळात मुंबई सरकारला खास वन आयोग नेमून चौकशी करावी लागली.

वनखातं स्वतःही आग वापरतं. उन्हाळा लागण्याआधी वनरक्षक आणि गावातले मजूर जंगलाच्या कडेनं जाळरेषा काढतात. पट्टा आखून गवत कापायचं, वारा पडलेला पाहायचा, दोन्ही बाजूंना हिरव्या डहाळ्या घेऊन माणसं उभी करायची आणि मग तेवढाच पट्टा जाळायचा, म्हणजे पुढचा वणवा तिथे येऊन अडतो. वारा, उतार, हद्द, वेळ आणि शेवटपर्यंत हजर राहणारी माणसं, असे हे पाच मुद्दे. कुठल्याही डोंगरावरची आग चांगली की वाईट हे ठरवताना आधी या पाचांची उत्तरं मागावीत. एकाचंही उत्तर नसेल तर तो वणवा आहे, मग तो लावणाऱ्याचा हेतू काहीही असो.